भाऊंचं एक्सेल आणि माझी जावा

आमच्या घरात कॉम्प्युटरला पहिला हात लावला तो भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. हे सांगितलं की माझी मुलं हसतात, कारण पुढे त्या यंत्रावर आयुष्यभर पोट भरलं ते मी. पण खरं तेच आहे. मी अजून फैजपूरला सायकलवरून कॉलेजात जात होते, तेव्हा भाऊ आमच्या गावच्या फ्रूटसेल सोसायटीच्या माडीवर चपला बाहेर काढून, हात धुऊन, एका बोटाने एक्सेल चालवत होते. सोसायटीचे ते सेक्रेटरी. खाली केळीच्या पानांचा आणि गोणपाटाचा वास भरलेलं गोदाम, वर एक खोली, आणि त्या खोलीत आईने भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकलेला कॉम्प्युटर. त्या एका बोटाची टक्-टक् खाली रस्त्यावर ऐकू यायची, आणि येणारेजाणारे म्हणायचे, सेक्रेटरी बसले वाटतं.

ज्यांना केळीचा व्यवहार माहीत नाही त्यांना एवढं सांगते. दिल्लीला जाणारी वॅगन स्टेशनात लागली की सगळ्या गावाचा माल एकदम तिच्यात मावत नसे. म्हणून कोणाची बाग आधी कापायची, कोणाची मागून, याचे नंबर लावावे लागत. नंबर चुकला आणि माल थांबला, तर घड झाडावरच पिवळा पडतो, आणि पिवळा माल दिल्लीपर्यंत टिकत नाही. त्यामुळे या नंबरांवरून दरवर्षी भांडणं. माझ्या लहानपणी ही भांडणं आमच्या ओसरीवर व्हायची आणि आई आतून चहाचे कप मोजत बसायची. मग भाऊंच्या हाती एक्सेल आलं. एका रकान्यात शेतकऱ्याचं नाव, दुसऱ्यात बागेचं ठिकाण, तिसऱ्यात लागवडीची तारीख. तारखेवर बोट ठेवून चढत्या क्रमाने लावलं की जुनी लागवड वर, नवी खाली. झाले नंबर तयार. कच्चा माल हिरव्या चौकटीत, कापणीला आलेला पिवळ्या. भाऊ ती रंगीत शीट एखादी रांगोळी दाखवावी तशी दाखवत. "आता कोनी म्हनू शकत नाई का सेक्रेटरीनं वशिला लावला," असं ते जेवताना दोन-दोनदा सांगत, आणि आई त्यांच्या ताटात भरताचा आणखी एक गोळा टाकून म्हणे, "भाकर कोरडी पडू राह्यली. तुमचं एक्सेल मंग सांगा."

मी पुढच्या शिक्षणाला धुळ्याला मामांकडे गेले. मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, दिवसभर घराबाहेर. घर मामीचं. तिची अहिराणी मला पहिले काही आठवडे अर्धीच कळायची, कारण आमच्या पूर्वेकडची बोली वेगळी. पण मामीला त्याची फिकीर नव्हती; ती बोलत राहायची आणि खाऊ घालत राहायची. तिच्या शेवभाजीचा रस्सा इतका जळजळीत की पहिल्या घासाला कानातून वाफ निघायची. सकाळी तिचं जातं नाही, पण मिक्सर सुरू व्हायचा आणि त्या आवाजात ती मला उठवायची. मी कॉलेजातून आले की दारातच विचारायची, "काय शे ओ तुन्हा त्या जावामा? दिनभर तेच. आधी जेवी ले, बठ्ठं थंड व्हई गयं." मी तिला जावा म्हणजे काय हे सांगायचा एकदा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तू सांगशी तितलंच ते करी. आम्हना घरमा असं कोनी नही." आजवर जावाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा तेव्हा नवी होती. आमच्या कॉलेजात ती शिकवायला देवरे मॅडम होत्या. त्या पुण्याहून एक जाडजूड पुस्तक आणि एक सीडी घेऊन आल्या होत्या, आणि स्वतः शिकत शिकत आम्हाला शिकवत होत्या. त्यांना एखादी गोष्ट येत नसली की फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत आणि पुढच्या तासाला उत्तर घेऊन येत. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी लायब्ररीचा प्रोग्रॅम घेतला, कारण तो तयार मिळायचा. मी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या गावात कोणाला तरी लागेल असं काही कर. उगाच लायब्ररी करू नकोस, तुमच्या गावात लायब्ररी आहे का?" नव्हती. केळी होती, आणि भाऊंची शीट होती. नंबर लावण्याआधीची तिची एक प्रत मी फ्लॉपीवर धुळ्याला आणली.

मला मोठी हौस होती की भाऊंच्या शीटला हात न लावता माझ्या प्रोग्रॅमने ती वाचावी. भाऊंनी रोजच्यासारखं एका बोटाने भरत राहावं, आणि जावाने त्यातून नंबर काढावेत; नुसत्या तारखेवरून नाही, तर जात कोणती, घड किती भरला, वॅगन किती मोठी, हे सगळं धरून. पण जावाला एक्सेलची शीट थेट वाचता येत नव्हती. मधे विंडोजचा ड्रायव्हर लागायचा. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन आपल्या फाइलला एक नाव द्यायचं, तेच नाव प्रोग्रॅममध्ये लिहायचं, आणि मग प्रोग्रॅमने त्या शीटला डेटाबेसमधलं टेबल समजून तिच्याकडे माहिती मागायची. ऐकायला सोपं आहे. शीटच्या नावाला डॉलरचं चिन्ह जोडून ते चौकटी कंसात टाकावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते सापडेपर्यंत जावा मला रोज एकच उत्तर देत होती की असं टेबल मुळी नाहीच. ज्या दुपारी काळ्या पडद्यावर पहिल्यांदा पांढऱ्या अक्षरांत आमच्या गावातली नावं एकाखाली एक उतरू लागली, तेव्हा मी लॅबमध्ये उभी राहिले. पाटील, चौधरी, भंगाळे, नेमाडे. ओळखीची माणसं एसटीतून उतरावीत तशी. देवरे मॅडम मागून येऊन बघत होत्या. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात तो डॉलर आणि चौकटी कंस लिहून ठेवला.

पण नावं उतरता उतरता मधेच थांबायची. दर वेळी एकाच जागी. पुढे एररची लांबलचक ओळ, की काहीतरी रिकामं हाती आलं आहे.

त्याच सुमाराला मी एका रविवारी घरी गेले, आणि घर ओळखू येईना. रेडिओ बंद. आईने वरण-बट्टी केली होती, तूप घातलं होतं, आणि भाऊ बट्टी कुस्करत नुसते बसले होते. आईने मला मागच्या दारी नेऊन सांगितलं. वामननानांची मृगबाग, म्हणजे पावसाळ्यात लावलेली केळी, झाडावर पिकून गेली होती. वामननाना म्हणजे भाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त, शेताला शेत लागून. त्यांचा नंबर यादीत अगदी तळाला लागला होता. ते दोनदा माडीवर येऊन गेले, माल तयार झालाय म्हणाले, आणि दोन्ही वेळा भाऊंनी पडद्याकडे बोट दाखवलं, की नंबर कॉम्प्युटरनं लावलाय, येईल तेव्हा येईल. तो आला तेव्हा बागेत पिवळं धमक. मग सभेत नाना सगळ्यांदेखत म्हणाले, की सेक्रेटरीने आपल्या माणसांचे नंबर वर घेतले आणि माझा खाली टाकला. भाऊ उठले, माडीची किल्ली चेअरमनच्या हातात दिली आणि घरी आले. त्यानंतर ते त्या रस्त्याने गेले नव्हते. सोसायटीतली अर्धी माणसं नानांच्या बाजूने झाली होती आणि माल खासगी व्यापाऱ्याला द्यायचं बोलू लागली होती. पुढची कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, कापणी तोंडावर होती, आणि नंबर लावायला कोणी नव्हतं.

मी भाऊंना काही विचारलं नाही. विचारण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. धुळ्याला परत येताना एसटीत माझ्या मनात एवढंच होतं, की आता त्या प्रोग्रॅमचा काय उपयोग.

लॅबमध्ये बसले तर पुन्हा तेच, त्याच जागी अडकणं. मी वैतागून मॅडमना म्हटलं, रिकामं आलं तर पुढे जा, असं लिहून टाकते. त्यांनी मान हलवली. "लिहिता येईल. पण ते रिकामं का आलं हे बघितलंस का? शीट उघड आणि ती ओळ बघ."

मी एक्सेल उघडलं आणि ती ओळ शोधली. नाव वामननानांचं. बाग, ठिकाण, सगळं जागेवर. आणि तारखेच्या चौकटीत भाऊंनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, नागपंचमी.

मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि मग आम्ही दोघींनी मिळून उलगडा केला. ड्रायव्हर वरच्या काही ओळी बघून ठरवतो की या रकान्यात तारखा आहेत, आणि पुढे तारीख नसलेलं काही आलं की रिकामं म्हणून सोडून देतो. म्हणून जावा तिथे अडखळत होती. एक्सेल मात्र अडखळलं नव्हतं. चढत्या क्रमाने लावताना ते आधी सगळ्या तारखा लावतं आणि अक्षरं असलेल्या ओळी त्यांच्या खाली, तळाला ठेवतं. ना कुरकुर, ना सूचना. मी त्याच शीटवर करून बघितलं. नागपंचमी सरळ तळाला गेली. म्हणजे माडीवरही हेच झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "आज प्रॅक्टिकल नाही तुझं. घरी जा."

मामीने चपात्या आणि ठेचा बांधून दिला, का जातेय ते विचारलं नाही. एरंडोल गेलं, जळगाव गेलं, तिथे गाडी बदलली, आणि घरी पोचले तेव्हा भाऊ अंगणात ठिबकच्या नळ्या धुवत बसले होते. हे काम ते कधी करत नसत. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"भाऊ, वामननानांच्या बागेची तारीख तुम्ही काय टाकली होती?"

"तारीख कुठी आठवत व्हती त्याले," ते नळीकडे बघतच म्हणाले. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लावली म्हने. मंग म्या नागपंचमीच टाकलं. कॅलेंडर पाहून भरू म्हनलं..."

आणि ते थांबले. मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. एक्सेल त्यांच्या हातातलं होतं. अक्षरं कुठे जाऊन बसतात हे त्यांच्या लक्षात त्याच क्षणी आलं. नळीतून पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं. थोड्या वेळाने त्यांनी नळी बाजूला ठेवली, आत जाऊन टोपी घातली आणि म्हणाले, "चाल."

आज मागे वळून बघताना मला भाऊंचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्या टोपी घालण्याचं. त्यांना म्हणता आलं असतं, की बघा, मी वशिला लावला नव्हता, यंत्राने घोळ केला. गावाने ते मानलंही असतं. मी पुढे मोठ्या शहरांत, मोठ्या पगाराच्या माणसांना आपली चूक यंत्रावर ढकलताना पाहिलं आहे.

नाना ओट्यावर होते. त्यांनी आम्हाला या म्हटलं नाही, पण त्यांच्या घरातून पाण्याचा तांब्या आला. भाऊ उभ्यानेच बोलले. तारीख भरायची राहिली, म्हणून नाव तळाला गेलं, तू दोनदा येऊनही मी शीट उघडून बघितली नाही, सगळं.

"म्हनजे चूक तुहीच," नाना म्हणाले.

"माहीच. पन मुद्दाम नाई."

"मुद्दाम नाई म्हनल्यानं माह्या केयी परत येतीन का?"

"नाई येनार."

समोरून बैलगाडी गेली. मग नाना हळू आवाजात म्हणाले, "केयीचं जाऊ दे. पुढल्या साली पुन्हा लागतीन. मले वाटलं, तू मले सोडून दुसऱ्याचं पाह्यलं. ते लागलं व्हतं." आणि थोड्या वेळाने, "सभेत सांगशीन हे?"

"सांगीन. म्हनून तं पोरीले संगं आनलं."

मला घेऊन येण्याचं कारण मला तेव्हा समजलं: चूक कशी झाली ते सभेला दाखवायचं, आणि कांदेबागेचे नंबर माझ्या प्रोग्रॅमने लावायचे.

सभेपर्यंतचे दिवस मी सोसायटीच्या माडीवर काढले. चेअरमन आबांनी किल्ली दिली, पण नाखुशीनेच. मुलगी माडीवर एकटी बसते हे त्यांना बघवत नव्हतं, म्हणून आई विणकाम घेऊन शेजारी बसायची. जावा मी फ्लॉपींवर तुकडे करून आणली होती, ती सगळी एकेक करून चढवली. प्रोग्रॅममध्ये एक बदल केला. तारीख नसेल तर त्याने ओळ सोडायची नाही, तळालाही टाकायची नाही. शेतकऱ्याचं नाव घेऊन थांबायचं. तारीख भरल्याशिवाय कोणाचाच नंबर निघणार नाही. (परीक्षेला हेच प्रोजेक्ट दिलं तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की एक्सेल हा काय डेटाबेस आहे का? मार्क बेताचेच पडले. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही.)

सभा गोदामात झाली. सतरंजीवर सगळे पुरुष, मधे कॉम्प्युटर खाली आणून टेबलावर ठेवलेला. भाऊंनी नानांच्या ओट्यावर सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत सांगितलं आणि खाली बसले. कुजबुज झाली. मग आबांनी माझ्याकडे हात केला. सोसायटीच्या सभेत तोवर कुठली बाई बोलली नव्हती. मला भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. लॅबमध्ये त्या एका ओळीशी मी इतकी झगडले होते, की तिच्याबद्दल कोणी काहीही विचारलं असतं तरी माझ्याकडे उत्तर होतं.

मागून एक जण म्हणाला, "एक्सेल चुकलं, तं हे कशावरून चुकनार नाई?"

"चुकेल," मी म्हटलं. "पण गप्प बसून चुकणार नाही. जिथे त्याला कळलं नाही तिथे ते नाव घेऊन थांबेल. आणि नंबर कसे लावायचे ते मी ठरवणार नाही, भाऊही नाही. तुम्ही आत्ता इथे बोला, मी तसंच लिहिते."

मग खूप वेळ सगळे बोलले. आधी लागवडीची तारीख. तारीख एकच असेल तर घड जास्त भरलेला आधी. लहान बाग एका वॅगनमध्ये पूर्ण बसत असेल तर तिचा माल दोन वॅगनमध्ये विभागू नये. प्रत्येक गोष्टीवर वाद, आणि वाद मिटला की आबा म्हणत, "लिही." मी लिहीत गेले. पहिल्यांदा चालवलं तर प्रोग्रॅम थांबला आणि पडद्यावर खुद्द आबांचं नाव. त्यांच्या एका बागेची तारीख भरलीच नव्हती. गोदामात हसण्याचा असा स्फोट झाला की बाहेरची कुत्री भुंकू लागली. आबांनी हसत हसत तारीख सांगितली, भाऊंनी उठून एका बोटाने ती भरली, आणि मग प्रिंटर कर्रकर्र करत कागद ओढू लागला.

नावं इंग्रजीत छापली होती, म्हणून मलाच वाचावी लागली. पहिल्या वॅगनला एका लहान बागायतदाराचं नाव आलं, ज्याचा नंबर आजवर कधी वर लागला नव्हता. आबा दुसऱ्या वॅगनला. आमची बाग चौथ्या. वामननानांची कांदेबाग तिसऱ्या.

नाना उठून उभे राहिले. "माही मृगबाग गेली, त्याचं काही धरलं नाई का इच्यात?"

सगळीकडून आवाज आले, की खरंय, नानांना पहिला नंबर द्या, यांचं नुकसान झालंय. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची इच्छा मला दिसत होती; त्यांनी नानांना शून्याव्या वॅगनमध्येही बसवलं असतं.

"नाना," मी म्हटलं, "ते नियमात नाही, म्हणून धरलं नाही. सभेने ठरवलं तर आत्ता घालते. पण मग ते सगळ्यांना लागू होईल. पुढे ज्याची बाग पिकून जाईल, कशानेही, त्याला पुढच्या खेपेला पहिला नंबर द्यावा लागेल. घालू का?"

नानांनी माझ्याकडे, मग भाऊंकडे, मग सतरंजीवरच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्या माणसाने आयुष्यभर केळी लावली होती; ही सवलत उद्या कोण कशी वापरेल याचा हिशोब त्यांनी तिथल्या तिथे केला असावा.

"नको घालू," ते म्हणाले. "तिसरी वॅगन कधी लागते?"

"गुरुवारी."

"मंग बुधवारी मानसं सांगून ठेवतो," नाना म्हणाले, आणि भाऊंच्या शेजारी, सतरंजीवर जागा करून खाली बसले.